डुकरांच्या फाटकावरची मिस हेमिंगसन

आयोवात पुरुषाला शाळेत इतिहास शिकवायचा असेल तर त्याला आधी बास्केटबॉल यावा लागतो. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, पण मी पाहिलेले इतिहासाचे सगळे मास्तर गळ्यात शिट्टी अडकवून हिंडायचे आणि यादवी युद्ध दोन तासांत उरकून सरावाला पळायचे. बाईचं उलटं. तिनं चार वर्षं शारीरिक शिक्षणाची पदवी घ्यावी, माणसाच्या अंगातलं हाडन् हाड पाठ करावं, आणि गळ्यात शिट्टी घालावी ती पोरींना रांगेत उभं करायला. मिस आर्लिस हेमिंगसन यांची गोष्ट सांगायला बसलं की ही शिट्टी मध्ये येते आणि माझं डोकं फिरतं. तरी सांगते. केल्टनच्या जिमवर आज मर्ल टिमरमनचं नाव पितळी अक्षरांत लावलेलं आहे. ते वाचून येणाऱ्या-जाणाऱ्याला खरं काय ते कळायचं नाही.

केल्टन हे माझं गाव. धान्याचं एक उंच कोठार, दोन लूथरन चर्चं, एकमेकांशी न बोलणारी, आणि शाळेची जिम, म्हणजे बास्केटबॉलचं बंदिस्त मैदान. गावात मुलांच्या सामन्याला आईबाप यायचे, मुलींच्या सामन्याला सगळं गाव. तेव्हाचा मुलींचा बास्केटबॉल सहा जणींचा असे. तीन फॉरवर्ड मैदानाच्या एका अर्ध्यात, त्यांनी फक्त बास्केट करायचे. तीन गार्ड दुसऱ्या अर्ध्यात, त्यांनी फक्त अडवायचं. मधली रेघ कुणी ओलांडायची नाही. मी गार्ड होते. माझ्या वीसेक वर्षं आधी मिस हेमिंगसनही जिमच्या त्याच लाकडी फळ्यांवर गार्ड होत्या. शाळेची चार वर्षं खेळून आम्ही दोघींनी सामन्यात एकदाही बास्केटकडे चेंडू टाकला नाही, कारण तसा नियमच होता. पेपरात नाव यायचं ते फॉरवर्डचं. गार्डला घरी आल्यावर आई विचारायची, "लागलं का गं कुठे?"

मिस हेमिंगसन अडवायला शिकल्या त्या डुकरांकडून. त्यांच्या वडिलांचा डुकरांचा व्यवसाय होता. विकायची डुकरं कळपातून वेगळी काढताना फाटकात एक माणूस उभा लागतो. हवं ते जाऊ द्यायचं, नको ते मागे वळवायचं. घरात मुलगा नव्हता, म्हणून फाटकात आर्लिस. "डुक्कर तोंड दाखवतं डावीकडे आणि घुसतं उजवीकडे," असं त्या आम्हाला सांगायच्या. "तोंडाकडे बघाल तर चिखलात बसाल. खांद्याकडे बघा. खांद्याला खोटं बोलता येत नाही. आणि पाय सरकवायचे, एकमेकांवरून टाकायचे नाहीत. पायात पाय अडकला की डुक्कर बाजारात नाही, तुम्ही दवाखान्यात." आम्ही हसायचो. त्या हसायच्या नाहीत. हात पाठीशी टॉवेलनं बांधून आम्हाला नुसत्या पायांवर फॉरवर्डसमोर नाचवायच्या. त्याला आम्ही फाटक म्हणायचो. फाटक नीट जमलं की तुमच्यासमोरून कोंबडीसुद्धा जात नसे.

त्यांना केल्टनच्या मुलींचं कोच व्हायचं होतं. एवढंच. मोठं शहर नको, नवरा मिळाला तर ठीक, नाही मिळाला तरी ठीक. आपल्या गावच्या बाकावर बसून आपल्या पोरींना खेळवायचं. त्यासाठी त्या एकोणीसशे बावन्न साली विद्यापीठात गेल्या.

तिथे शारीरिक शिक्षणाच्या दोन इमारती होत्या, एक पुरुषांची, एक बायकांची, मध्ये हिरवळ. बायकांच्या इमारतीत लोकनृत्य, पोहणं, पाठीचा कणा सरळ आहे की नाही याची परीक्षा, आणि शरीरशास्त्र इतकं कडक की वैद्यकीयची पोरं तिथल्या मुलींकडून टिपणं मागत. सगळ्यांना आडनावानं हाक. विभागप्रमुख डॉ. कॅथकार्ट या ताठ मानेच्या बाई. मुलींनी खेळावं, घाम गाळावा, पण जिंकण्यासाठी खेळू नये, असं त्यांचं मत. दुसऱ्या कॉलेजच्या मुली आल्या की दोन्हीकडच्या मिसळून संघ पाडायचे, म्हणजे कोण जिंकलं हा प्रश्नच नको, आणि शेवटी सगळ्यांनी बसून बिस्किटं खायची. आपण राज्याच्या स्पर्धेत अंतिम सामना खेळलोय हे हेमिंगसननी तिथे चार वर्षं कुणाला सांगितलं नाही. तुरुंगात जाऊन आलेला माणूस जसं लपवतो तसं त्यांनी ते लपवलं.

कोच व्हायला पदवीबरोबर प्रशिक्षकाचा दाखला लागायचा. तो मिळायचा 'बास्केटबॉल प्रशिक्षण: तत्त्व आणि तंत्र' या विषयात पास झालं की. तो विषय शिकवला जायचा हिरवळीपलीकडच्या इमारतीत, फक्त पुरुषांना. हेमिंगसन आधी तिकडे गेल्या.

"इथे मुलींना बसायची सोय नाही," तिथल्या प्राध्यापकांनी सांगितलं. "आणि आमची भाषा जरा मोकळी असते."

"मी डुकरांमध्ये वाढलेय," हेमिंगसन म्हणाल्या.

"तरी नाही."

मग त्या डॉ. कॅथकार्टकडे गेल्या. बाई ऐकून घेताघेताच उभ्या राहिल्या. "हेमिंगसन, पोरींना पैजेच्या घोड्यांसारखं पळवणाऱ्या त्या लोकांत तुला जाऊन बसायचंय? माझ्या विभागातली मुलगी?" बाईंना पुरुषांचा राग होता, आणि तो खोटा नव्हता. पण त्या रागापायी दार बंद झालं ते आर्लिस हेमिंगसनचं. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत.

तेव्हा त्यांना मर्ल टिमरमन भेटला. डॅव्हनपोर्ट शहरात जोड्यांच्या दुकानावरच्या माडीत वाढलेला, हसतमुख, उंच, आणि शरीरशास्त्रात दोनदा नापास. दर गुरुवारी विद्यापीठाच्या खानावळीत दोघांचा सौदा चालायचा. ती त्याला हाडं आणि स्नायू शिकवायची, तो तिला त्या आठवड्यात वर्गात काय झालं ते सांगायचा. सांगताना त्याचा गोंधळ व्हायचा, मग ती प्रश्न विचारून विचारून त्याच्याकडून नीट काढून घ्यायची, आणि त्यातून त्यालाही कळायचं. विषय गार्डांवर आला तेव्हा मर्ल म्हणाला, "आमच्या सरांनी ते एका तासात संपवलं. हात वर ठेवा, आपलं अंग मध्ये आणा, झालं."

"ऊठ," हेमिंगसन म्हणाल्या, आणि खानावळीमागच्या मालाच्या फलाटावर नेऊन त्याला फाटक शिकवलं. हात पाठीशी, नजर खांद्यावर, पाय सरकत. मर्लनं जन्मात डुकराला हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी तो तीनदा पडला.

तो शरीरशास्त्रात पास झाला. आणि केल्टनला कोचची जागा निघणार आहे ही बातमी त्याला सांगितली कुणी? यांनीच. गुरुवारी, खानावळीत केक खाताखाता. गावानं दोघांनाही घेतलं. हेमिंगसनना शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका म्हणून, मर्लला इतिहास आणि मुलींचा कोच म्हणून. मी एकदा त्यांना विचारलं की तुम्हाला तेव्हा राग नाही आला? "आला ना," त्या म्हणाल्या. "पण मला वाटलं, दुसरा कुणी अनोळखी येण्यापेक्षा मर्ल बरा. तो माझं ऐकेल." तो ऐकायचाच. तिथेच तर सगळं फसलं.

पोरींचा संघ बाहेरगावी जाताना बसमध्ये एक बाई असलीच पाहिजे असा नियम होता. सोबतीची बाई. ती नसेल तर बस सुटायची नाही. ते काम हेमिंगसनकडे आलं आणि वीस वर्षं त्यांच्याकडेच राहिलं. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची जागा, सामन्यात बाकाचं टोक, मांडीवर पत्र्याचा डबा. डब्यात सेफ्टी पिना, केसांच्या पिना, चिकटपट्टी, पोरींच्या अडचणीचं सामान. सामन्याच्या छापील पत्रिकेत कोचचं नाव ठळक, खाली बारीक अक्षरात 'सोबत: मिस ए. हेमिंगसन'. गार्डांचा सराव त्याच घ्यायच्या, पहिल्या वर्षापासून. पण गावाला वाटायचं, कोच सांगतो तसं त्या करून घेतात. बापांना तरी तसंच वाटायचं. आम्हा पोरींना विचारलं कुणी होतं?

मी शेवटच्या वर्षाला असताना केल्टनचा संघ डे मॉइनला राज्याच्या स्पर्धेत गेला. मार्च महिना होता. गावात गायी दोहायला माणूस उरला नाही, इतके सगळे तिकडे. उपांत्यपूर्व सामन्यात तिसऱ्या डावात आमच्या फॉरवर्डवर चुकीचा फाउल दिला म्हणून मर्लनं टॉवेल फळ्यांवर आपटला. पंचानं ताकीद दिली. मर्लनं दुसरा टॉवेल आपटला. पंचानं त्याला बाहेर काढलं. मग पंच आमच्या बाकासमोर येऊन उभा राहिला. "दाखलेवाला दुसरा कोण आहे तुमच्याकडे? बाकावर दाखला नसेल तर सामना त्यांना द्यावा लागेल."

मिस हेमिंगसन उभ्या राहिल्या. डबा हातात तसाच. "मी शारीरिक शिक्षणाची पदवीधर आहे. पंधरा वर्षं या संघाबरोबर आहे."

"प्रशिक्षकाचा दाखला?"

"नाही."

"मग बसा, मॅडम," पंच म्हणाला. उद्धटपणे म्हणाला नाही. नियमच तसा होता.

आमच्या बसचा ड्रायव्हर म्हणजे शाळेचे सुतारकामाचे मास्तर ग्लेन फॉस. कधीतरी उन्हाळ्यात पगारवाढ मिळते म्हणून त्यांनी दोन आठवड्यांत तो दाखला काढून ठेवला होता. बास्केटबॉलची त्यांना आवडही नव्हती. लाउडस्पीकरवरून त्यांचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा ते वरच्या रांगेत मक्याच्या लाह्या खात होते. ते टोपीसकट खाली आले आणि कोचच्या जागेवर बसले. चेहरा पांढराफटक.

"आर्लिस," ते हळूच म्हणाले, "मला यातलं शष्प कळत नाही. तू सांग, मी ओरडतो."

तसंच झालं. सोबतीच्या बाईला उभं राहून सूचना द्यायची परवानगी नव्हती, म्हणून त्या समोर बघत ओठ न हलवता बोलायच्या आणि फॉस गावभर ऐकू जाईल असं ओरडायचे. "रेकर, तोंडाकडे बघू नको, खांदा!" रेकर म्हणजे मी. "डावीकडची रेघ सोड, मधे ये!" मधेच फॉसनी जोरात आरोळी दिली, "टोपी काढ!" आम्ही तिघी गार्ड एकमेकींच्या डोक्याकडे बघायला लागलो. मिस हेमिंगसननी ते त्यांनाच सांगितलं होतं. प्रेक्षकांत कुणी हसलं, फॉसनी टोपी काढून मांडीखाली घातली, आणि आमचं फाटक बंद झालं. समोरच्या फॉरवर्डला शेवटच्या डावात एकच बास्केट मिळाला. आम्ही जिंकलो.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ग्लेन फॉस यांचा मोठा फोटो. 'बसचालकानं संघही हाकला', असा मथळा. फॉस भला माणूस. त्यांनी वार्ताहराला तीनदा सांगितलं होतं की हे माझं काम नाही, त्या बाईचं आहे. वार्ताहरानं छापलं: विनयशील फॉस श्रेय घ्यायला तयार नाहीत. न्याहारीच्या टेबलावर फॉसनी तो पेपर मिस हेमिंगसनपुढे ठेवला. त्यांच्यानं मान वर करवेना.

"आर्लिस, मी सांगितलं होतं गं त्याला."

"माहितेय ग्लेन. तुझा आवाज चांगला लागला काल," त्या म्हणाल्या आणि अंडी पुढे ओढली. मर्ल परत बाकावर आला, आणि पुढचा सामना आम्ही हरलो.

मी त्याच विद्यापीठात गेले, त्याच पदवीला. मधे शाळा-कॉलेजांत मुलामुलींत फरक करायचा नाही असा नवा कायदा आला, हिरवळीच्या दोन्ही बाजूंच्या इमारती एक झाल्या, डॉ. कॅथकार्टना गुलदस्ता देऊन घरी पाठवलं, आणि दाखल्याचा तो विषय बायकांना खुला झाला. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी त्या वर्गात गेले तर पहिल्या रांगेत मिस हेमिंगसन बसलेल्या, चाळीस गाठलेल्या, बाकीच्या पोरांच्या आयांच्या वयाच्या. केल्टनहून रोज गाडी चालवत यायच्या. मर्ल मुख्याध्यापक होणार, कोचची जागा रिकामी होणार हे गावात पक्कं झालं होतं. "आता दाखला नाही म्हणून कुणी बसा म्हणायला नको," त्या मला म्हणाल्या. जाता-येता मला गाडीतून न्यायच्या. गुरुवारच्या सौद्याची गोष्ट मला कळली ती त्या गाडीत.

शिकवायला एक तरुण प्राध्यापक होता, टापटिपीचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यानं फळ्यावर लिहिलं, 'टिमरमन ड्रिल'. मग त्यानं ते समजावलं. हात पाठीशी टॉवेलनं बांधायचे. नजर खांद्यावर. पाय सरकवायचे, ओलांडायचे नाहीत. "केल्टनचे कोच मर्ल टिमरमन यांनी हे शोधलं," तो म्हणाला. "आता सगळ्या राज्यात वापरतात. गंमत म्हणजे, कोच टिमरमन लहानपणी वडिलांच्या शेतावर डुकरं वेगळी काढायचे, त्यावरून त्यांना हे सुचलं."

वर्ग हसला. मी मिस हेमिंगसनकडे पाहिलं. मर्लनं फाटक घेतलं ते घेतलं, डुकरंही घेतली. जोड्यांच्या दुकानावरच्या माडीत वाढलेल्या माणसानं हेमिंगसनांच्या बापाचा अख्खा कळप हाकून नेला. खरं काय झालं असेल ते मला ठाऊक आहे. प्रशिक्षकांच्या कुठल्या तरी मेळाव्यात कुणी विचारलं असेल, हे कुठून शिकलात? चारशे पुरुषांसमोर 'एका पोरीनं शिकवलं' म्हणण्यापेक्षा 'वडिलांच्या शेतावर' म्हणणं सोपं गेलं असेल. एकदा म्हटलं की मग ते दरवर्षी म्हणावं लागतं. तो वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी देता आल्या असत्या. तो आम्हाला वाढदिवसाला आइस्क्रीम द्यायचा.

"मिस," मी कुजबुजले, "हे तुमचं आहे. सांगा ना."

त्यांची पेन्सिल थांबली नाही. "लिहून घे, रेकर. परीक्षेला येईल."

आलं. 'टिमरमन ड्रिलचे टप्पे लिहा आणि त्याचा उगम सांगा.' परीक्षेनंतर गाडीत मी विचारलं, उगम काय लिहिलात? त्यांनी गाडीचा वेग थोडा कमी केला. दोन्ही बाजूंना मका उभा होता. "वडिलांचं शेत," त्या म्हणाल्या. "कुणाच्या ते लिहिलं नाही." त्यांना वर्गात सगळ्यांत जास्त गुण पडले आणि दाखला मिळाला.

पुढच्या वसंतात मी केल्टनच्याच शाळेत त्यांच्या हाताखाली अध्यापनाचा सराव करत होते. कोच निवडायची शाळा मंडळाची बैठक ग्रंथालयात झाली. आमच्याकडे अशा बैठकीला कुणीही जाऊन बसू शकतं, मी गेले. मंडळाचे अध्यक्ष वॉल्टर ब्रीस, यंत्रं विकणारे, त्यांच्या तिन्ही पोरी गार्ड होत्या. शेजारी मर्ल, होणारा मुख्याध्यापक. समोर दोन उमेदवार: मिस हेमिंगसन, निळ्या पोशाखात, आणि विद्यापीठातून नुकताच बाहेर पडलेला एक पोरगा. त्याच्याकडे इतिहासाची पदवी होती, हे सांगायला नको.

"आर्लिस, दाखला काढलास, अभिनंदन," ब्रीस म्हणाले. "आता सांग, कोच म्हणून आजवर काय केलंयस?"

"गार्डांचा सराव मी घेते. मर्ल आणि मी आलो त्या वर्षापासून. आणि डे मॉइनला—" त्या थांबल्या. फॉस मागे बसले होते, त्यांना त्यांनी यात ओढलं नसतं. "ज्याला टिमरमन ड्रिल म्हणतात, ते माझं आहे. मी मर्लला शिकवलं. विद्यापीठात असताना."

खोलीत कुणी तरी खुर्ची हलवली. ब्रीस मर्लकडे वळले. सगळेच वळले. मिस हेमिंगसनही. मी त्यांचा चेहरा पाहिला. त्यांना खात्री होती. वीस वर्षं एका बाकावर बसलेला माणूस. त्याला फक्त 'हो' म्हणायचं होतं.

मर्ल लाल झाला. शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत तो हसला, त्याचं ते छान हसू. "आर्लिसची मला फार मदत झाली आहे, वॉल्टर. कुणीही नाही म्हणणार नाही. इतक्या वर्षांत आमची एक पोरगी हरवली नाही, एकीच्या नावाला बट्टा लागला नाही. हिच्यासारखी सोबतीची बाई सगळ्या राज्यात सापडायची नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, मनापासून. माझे कान तापले, मी उठणार होते, पण फॉसनी माझा दंड धरला. "तू बोललीस तर म्हणतील, तिनंच पढवून आणली," ते पुटपुटले. ते बरोबर होतं, म्हणून तर जास्त चीड आली.

मग त्या पोराची पाळी. गार्डांना काय शिकवशील, असं ब्रीसनी विचारलं.

"टिमरमन ड्रिल, सर," तो म्हणाला. "आम्हाला विद्यापीठात शिकवलंय."

जागा त्याला मिळाली. बाहेर पडताना मर्ल पार्किंगमध्ये मिस हेमिंगसनच्या गाडीपाशी गेला. "आर्लिस, मला काय बोलावं सुचलंच नाही. सगळे बघत होते. तुला माहितेय ना, माझ्या मनात काय आहे?"

"माहितेय, मर्ल," त्या म्हणाल्या. "खांदा आधीच वळला होता तुझा." आणि गाडी सुरू केली.

मला शेजारच्या आर्डेल गावात शारीरिक शिक्षणाची नोकरी लागली. नोव्हेंबरात मोसमातला पहिला सामना आमच्याकडेच, केल्टनविरुद्ध. वेळ झाली, आमच्या पोरी फळ्यांवर आल्या, बँड वाजून वाजून थकला, आणि केल्टनची बस दिसेना. मी दारात उभी. मिसनी बस अडवली तर नाही ना, अशी एक वेडी आशा माझ्या मनात. शेवटी बस आली. दार उघडलं की नेहमी आधी मिस हेमिंगसन उतरायच्या, डबा काखेत. उतरल्या त्या केल्टनच्या शाळाधिकाऱ्यांच्या बायको, हातात अर्धवट विणलेला मोजा, लोकर गुडघ्यापर्यंत लोंबतेय.

फॉस स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. मी पायरीवर चढले. "मिस कुठायत?"

"घरी आहे," ते म्हणाले. "आली नाही म्हणून मी दार वाजवायला गेलो. म्हणाली, ग्लेन, कोच म्हणून बोलावलं तर येते, नाहीतर आजपासून नाही. बाई नसेल तर बस जाणार नाही, हे तिला ठाऊक होतं. मलाही वाटलं, आता तरी यांना कळेल."

"मग?"

"मग काय. शाळाधिकारी साहेबांनी घरी फोन केला. बायको जवळच राहते. थोडं थांबावं लागलं, एवढंच."

"पोरी काही म्हणाल्या नाहीत?"

"एकीनं विचारलं. नवा कोच म्हणाला, मिसना बरं नाहीये." फॉसनी टोपी काढली आणि परत घातली. "कुणालाही चालते गं ती जागा. वीस वर्षं ती तिथे बसली आणि कुणीही चाललं असतं."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मिस हेमिंगसननी शाळेत तास घेतले, पण सामन्याच्या संध्याकाळी जिममध्ये पाऊल टाकलं नाही. लोक म्हणायचे, बाई वयानुसार विक्षिप्त झाल्या.

त्या दिवशी मी बसमधून उतरून आत आले. केल्टनच्या गार्ड आपल्या अर्ध्यात उभ्या राहिल्या होत्या, गुडघे वाकवून, नजर समोरच्या पोरींच्या खांद्यांवर, पाय सरकत. एकीचाही पाय पायावर पडत नव्हता. त्यांचा नवा कोच बाकावरून ओरडत होता, "टिमरमन! टिमरमन करा!" आमच्या बाकावरून आमचे इतिहासाचे मास्तर मागे वळले. माझ्याकडेही दाखला होता, पहिल्या वर्गातला. त्यांनी कधी विचारला नव्हता.

"रेकर, कुठे होतीस? एकीच्या चड्डीचं बटण गेलंय. पिनांचा डबा कुठाय?"

"आणते," मी म्हणाले, आणि डबा घेऊन बाकाच्या टोकाला जाऊन बसले.